उजेडाचा फळा

मित्रांनो, माझं नाव तुमच्या कानावर आलेलं नसणार आणि मला पाहिलेलं तर मुळीच नसणार. मी फोटो स्टुडिओतला एक जुना रिफ्लेक्टर. नाव भारदस्त आहे, पण जन्माने मी प्लायवूडचा साधा तुकडा. माणसाच्या खांद्याइतका उंच आणि दोन हात पसरून धरता येईल इतका रुंद. माझ्या एका बाजूला चंदेरी कागद चिकटवलेला आहे. दुसरी बाजू पांढरी आहे, पण चकचकीत नव्हे, खडूसारखी मंद. दिव्याचा उजेड माझ्यावर पडला की तो समोरच्याच्या चेहऱ्यावर टाकायचा, एवढंच माझं काम. आमच्या मालकीणबाई मला फळा म्हणत. शाळेतल्या फळ्यावर निदान कुणी काहीतरी लिहितं. माझ्याकडे तर कुणी धड बघतही नसे.

सुताराने मला कापून, तासून दिलं. रूप मात्र मालक आणि मालकीणबाईंनी दिलं. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं आणि स्टुडिओही नवाच होता. मालकांनी सरस लावला. बाईंनी चंदेरी कागद पसरला आणि तो सपाट बसावा म्हणून स्वयंपाकघरातलं लाटणं आणून वरून फिरवू लागल्या. मालक हळूच काहीतरी बोलले, बाईंना हसू आवरेना, आणि माझ्या खालच्या कोपऱ्यात कागदाला एक फुगा राहून गेला. तो काढायला दोघांनी पुष्कळ खटपट केली. शेवटी बाई म्हणाल्या की राहू दे आता, त्याच्या गालाला खळी पडली म्हणायचं. मला ते आवडलं होतं.

आमचा स्टुडिओ म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. तिला एकही खिडकी नव्हती आणि चारही भिंती काळ्या होत्या. मालकांनीच त्या रंगवल्या होत्या. भिंतींनी आपल्या मनाने उजेड इकडेतिकडे उधळलेला फोटोवाल्याला खपत नाही. त्याला तो हवा तिथे आणि हवा तेवढाच लागतो. एका बाजूला मोठा दिवा, दुसऱ्या बाजूला जरा मागे मी, आणि मध्ये स्टुलावर गिऱ्हाईक. एका गालावर उजेड, दुसऱ्यावर थोडी सावली. मालक सगळ्यांना सांगत, "सावली नसली तर चेहरा पोळपाटासारखा दिसतो."

मला धरायच्या त्या मालकीणबाई. मालक कॅमेऱ्यामागे आणि बाई माझ्यामागे, असा आमचा संसार चालला. बाळाच्या डोळ्यांवर उजेड आला तर त्या मला तसूभर खाली घेत. म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या फार दिसू नयेत म्हणून पांढरी बाजू पुढे करत. नवरा-बायको भांडून आलेले असले तर ते बाईंना आधी कळे. मग त्या माझ्या आडून असं काही बोलत की दोघंही हसत, आणि तेवढ्यात मालक बटण दाबत. फोटो हातात पडला की लोक कॅमेऱ्याचं कौतुक करायचे, मालकांच्या हाताचं करायचे. मी कधीच कुठल्या फोटोत नव्हतो. चुकून माझी कड आत आलीच तर मालक ती कापून टाकत. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण बाईही फोटोत नसत, म्हणून मी फारसं मनाला लावून घेतलं नाही.

पुढे घरोघरी फोन आले आणि ज्याचा तो फोटोवाला झाला. गिऱ्हाईक आटत गेलं. त्याच सुमाराला मालकीणबाई आजारी पडल्या आणि त्या आजारातून उठल्याच नाहीत. लेक दूरच्या गावी नोकरीला होती. ती वडिलांना आपल्या घरी घेऊन गेली, पण मालकांचं मन तिथे रमलं नाही. ते परत आले. एवढं मोठं घर एकट्याला काय करायचं म्हणून त्यांनी ते सोडलं आणि स्टुडिओतच खाट टाकली. लेक म्हणायची की स्टुडिओ आता बंदच आहे. मालक म्हणायचे की काळ्या भिंती आहेत तोवर स्टुडिओ आहे. 

मला त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं आणि माझ्यावर ओले शर्ट वाळत घालू लागले. शर्टामागून मला खोलीचा निम्मा भाग दिसे. मालक दिवसदिवस एक शब्द बोलत नसत. शेजारच्या दुकानातला शिंपी तेवढा चहाला येई आणि दोघांच्या वाटचं एकटाच बोलून जाई. मित्रांनो, एकटेपणाला आवाज नसतो असं म्हणतात, पण त्या खोलीत तो होता. खाटेची एक फळी रात्रंदिवस कुरकुरायची, आणि मालक त्या खाटेवर बसलेले असले तरी ती रिकामीच वाटायची.

एकदा बॅटरी शोधताना मालकांना फिल्मची एक काळी डबी सापडली. हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. झाकण उघडून त्यांनी तळहातावर ओतलं आणि ते खाटेवर बसले. टोमॅटोचं बी होतं. मालकीणबाईंनी लग्नात माहेरहून आणलेलं. घराच्या गॅलरीत त्या दरवर्षी ते पेरायच्या आणि दरवर्षी चांगल्या फळाचं बी काढून पुढच्या खेपेला ठेवायच्या. ते टोमॅटो बाजारातल्यासारखे गुळगुळीत नसत. चपटे, भोपळ्यासारख्या फोडी पडलेले. बाई गेल्या आणि पेरायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

मालकांनी लेकीला फोन लावला. ती म्हणाली, माझ्याकडे एकही बी नाही, आई तुमच्याच डबीत ठेवायची. बी जुनं झालं की उगवत नाही, आता पेरलं तर पेरलं. मालकांनी फोन ठेवला आणि डबीतलं सगळं बी एका पसरट डब्यात मातीत टाकलं. मागे काही ठेवलं नाही.  हे बी उगवलं नसतं, तर बाईंच्या हातचं म्हणून जगात जे काही जिवंत उरलं होतं तेही गेलं असतं.

बरेच दिवस माती नुसती मातीच राहिली. मग चार रोपं वर आली, बाकीचं बी कुजलं. आमची गल्ली इतकी चिंचोळी की ऊन तिथे तोंड दाखवायला येतं आणि लगेच जातं. तरी मालकांनी एक रोप कुंडीत लावून दाराबाहेर ठेवून पाहिलं. संध्याकाळी कुणाच्या तरी स्कूटरचं चाक त्यावरून गेलं. उरली तीन. ती त्यांनी एकाच कुंडीत लावून आत ठेवली आणि दार लावलं.

आता आत उजेड कसा द्यायचा? आमच्या मालकांनी जन्मभर एकच गोष्ट केली होती, तीच इथेही केली. रोपं गिऱ्हाइकाच्या जागी स्टुलावर ठेवली. एका बाजूला मोठा दिवा लावला. दुसरी बाजू सावलीत ठेवली. मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिलं, कुंडी जराशी वळवली आणि समाधानाने मान हलवली. रोपं काय सुंदर दिसत होती म्हणून सांगू! पण रोपं काही फोटो काढून घ्यायला बसली नव्हती. ती दिव्याकडे झुकत गेली. वाकली, लांबली, काड्यांसारखी बारीक झाली. एकाचं देठ शेवटी आपल्याच भाराने मोडलं. मालकांनी त्याला काडीचा टेकू दिला, दोरा बांधला, पण ते वाचलं नाही. उरली दोन.

त्या दिवशी मालकांनी जेवण केलं नाही. लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी फोन रोपांसमोर धरला. ती बराच वेळ बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "त्यांना सावली कशाला हवी? आईच्या गॅलरीत चहूकडून उजेड यायचा."

"इथे चहूकडे काळं आहे," मालक म्हणाले.

"तेच तर."

 मालक फोन खाली ठेवून भिंतींकडे बघत बसले. दिव्याचा सगळा उजेड त्या भिंती गिळत होत्या, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? त्यासाठीच तर त्यांनी त्या काळ्या केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उजेड मोजायचं आपलं जुनं यंत्र काढलं. हातात मावणारं, काट्याचं. फोटो काढण्याआधी ते गिऱ्हाइकाच्या गालाजवळ धरत. आता ते रोपांच्या पानांजवळ धरू लागले, दिव्याकडच्या बाजूला आणि मग पलीकडच्या. पलीकडे काटा जागचा हलेना. भिंतींचं काहीतरी करायला हवं होतं. पण काळा रंग घालवायला ते तयार नव्हते, म्हणून त्यावर काय टांगता येईल ते शोधू लागले.

आधी आली ती पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल. मालकांनी ती चिकटपट्टीने भिंतीला लावली. लावताना ती चुरगळली आणि भिंत माशाच्या खवल्यांसारखी चमकायला लागली. चमक भरपूर, पण काटा एका ठिकाणी उडी मारी आणि वीतभर बाजूला गेलं की झोपी जाई. शिवाय चिकटपट्टी काळ्या रंगावर टिकेना. दुपारी एक पट्टा सुटला तो थेट शिंप्याच्या चहात. शिंपी म्हणाला की असल्या कामाला आरसाच हवा, आरशाहून जास्त उजेड कोण फेकतो? त्याने कपडे घालून बघायचा आपला आरसा आणूनही दिला. आरशाने उजेडाचा एक लख्ख चौकोनी तुकडा उचलला आणि एकाच पानावर नेऊन ठेवला. बाकीची पानं अंधारात. आरशाचं असंच असतं, त्याला एकच कुणीतरी लाडकं लागतं. मालकांनी तो जपून परत नेऊन दिला.

मग त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी शर्ट काढले, मला फडक्याने पुसलं आणि माझी चंदेरी बाजू रोपांकडे करून उभं केलं. मित्रांनो, मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येत नाही. इतक्या काळानंतर कुणीतरी माझ्यावर दिवा सोडला होता. माझ्यात होतं नव्हतं ते सगळं मी त्या दोन रोपांवर ओतलं. काटा सर्रकन वर गेला. मालक पहिल्यांदाच स्वतःशी काहीतरी पुटपुटले. पण माझ्या खालच्या कोपऱ्यातला तो कागदाचा फुगा एवढ्या वर्षांत आत दबून वाटीसारखा खोलगट झाला होता. दिवा तापत गेला, फुग्यात जमलेला उजेड एका जागी पडत राहिला, आणि संध्याकाळी बघतो तर एका रोपाची खालची पानं कडेने करपून तपकिरी झालेली. मी तिथून हलूही शकत नव्हतो. मालकांनी धावत येऊन दिवा बंद केला.

ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि फुग्यावरून बोट फिरवत राहिले. रागावले असतील असं मला वाटलं. त्यांनी मला उलटं करायला दोन्ही हातांनी उचललं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला असं कधी धरलंच नव्हतं, ते काम त्यांचं नव्हतं. माझ्या दोन्ही कडांना एकेक जागा घासून गुळगुळीत झाली आहे आणि किंचित खोलगट. बाईंचे अंगठे तिथे असायचे. मालकांचे अंगठे नेमके तिथेच गेले. ते थबकले. मग मला छातीशी धरून ते त्या काळ्या खोलीत कितीतरी वेळ उभे राहिले.  बाई गेल्यापासून ते रडले नव्हते. त्या दिवशी रडले.

नंतर त्यांनी माझी पांढरी बाजू पुढे केली. दिवा लावला आणि यंत्र धरलं. काटा फार वर गेला नाही. पण पानाच्या वर, पानाखाली, पुढे, मागे, जिथे धराल तिथे तो जवळजवळ तेवढाच राहिला. मालकांनी परत परत मोजलं. मग मान वर करून त्यांनी चारही भिंतींकडे आळीपाळीने पाहिलं आणि दिवा तसाच चालू ठेवून बाहेर गेले.

येताना त्यांच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा होता. चकाकी नसलेला, साधा, मंद पांढरा. शिंपी दारात आला आणि त्याने विचारलं, "काय हो, स्टुडिओ बंद करताय?"

"हो," मालक म्हणाले. एवढंच.

पांढऱ्यावर काळं करणारे जगात पुष्कळ आहेत, पण काळ्यावर पांढरं करणं किती कठीण ते त्या भिंतींना विचारा. पहिला हात दिला तर नुसती राख फासल्यासारखं झालं. दुसऱ्या हातातूनही काळं डोकावत होतं. मालकांचे खांदे दुखायचे, ते मध्येच खाटेवर आडवे व्हायचे आणि परत उठून ब्रश घ्यायचे. ज्या भिंतीसमोर अख्ख्या गावाने बसून फोटो काढले, ती भिंत त्यांनी सगळ्यात शेवटी रंगवली. ती रंगवताना ते मध्ये कुठे थांबले नाहीत.

रंग वाळला आणि खोली ओळखू येईना. आता तापणारा मोठा दिवा लागतच नव्हता. छताला पांढऱ्या ट्यूब लावल्या तरी भागत होतं, कारण भिंती उजेड गिळत नव्हत्या, परत देत होत्या. मला दाराच्या बाजूला उभं केलं होतं, कारण तेवढी एकच बाजू उघडी पडत होती. वाकलेली रोपं हळूहळू सरळ झाली. करपलेलं रोपही कसंबसं तगलं, पण त्याला नुसती पानंच आली. दुसऱ्याला फुलं आली आणि मालक खूश झाले. मग फुलं एकेक करून गळायला लागली. बंद खोलीत वारा कुठला? फूल हललं नाही तर फळ धरत नाही, हे लेकीने सांगितलं. मालकांनी मला उचललं, बाईंच्या जागी अंगठे ठेवले आणि सकाळ-संध्याकाळ मला पंख्यासारखं हलवून झाडाला वारा घालायला लागले. शिंप्याने एकदा ते पाहिलं आणि चहा न घेताच हळूच परत गेला. मला हसू येत होतं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. मालक वारा घालताना माझ्याशी बोलायचे. खरं तर बाईंशीच बोलायचे, पण मध्ये मी होतो.

झाडाला तीन टोमॅटो धरले. चपटे, फोडी पडलेले. ते पिकले तेव्हा मालकांनी सगळ्यात मोठा कापला, बी पेल्यात पाण्यात भिजत ठेवलं, मग धुऊन कागदावर वाळवलं. मूठभरही नव्हतं, पण टपोरं होतं. लेक आली. तिने ते बी बोटाने सारून पाहिलं आणि वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या घराला गॅलरी होती, तिथे ऊन येई. ती म्हणाली, "बाबा, आता हे उन्हात पेरायचं. आणि तुम्हीही चला." या खेपेला मालकांनी नाही म्हटलं नाही.

सामान गाडीत भरताना लेकीने विचारलं, "हा फळा टाकायचा का?"

"टाकू नकोस," मालक म्हणाले. "तुझी आई धरायची तो. गाडीत मावत नाही, मी परत येऊन नेईन."

त्यांनी मला भिंतीला टेकवलं, पांढरी बाजू बाहेर ठेवून. ट्यूब बंद केल्या. कुलूप लागल्याचा आवाज आला.

तेव्हापासून मी इथे आहे. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत अंधार झाला की तो काळ्या खोलीतल्या अंधारासारखाच असतो, हे मला आता कळलं आहे. मध्ये एकदा बाहेर ओळखीचा आवाज आला. लेक शिंप्याकडे आली होती. ती सांगत होती की गॅलरीत इतके टोमॅटो लागलेत की बाबा सगळ्या इमारतीत वाटत सुटलेत, बीसुद्धा मागेल त्याला देतात, तुमच्यासाठीही पिशवीभर पाठवलेत. शिंपी मोठ्याने हसला. मी कान देऊन ऐकत होतो. बाईंचं बी आता कुणा एकाच्या डबीत अडकून राहिलेलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. ती आत येईल असंही वाटलं. पण तिला गाडी गाठायची होती. पावलं आली तशी लांब गेली.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. झाडांना ऊन मिळालं, मालकांना माणसं मिळाली, याहून मला काय हवं होतं? फक्त एक सांगतो. माझ्यासारख्यांकडे स्वतःचा उजेड नसतो. कुणी दिला तर तो आम्ही पुढे देतो, नाही दिला तर नुसते उभे असतो. तुमच्याही घरात एखादी अशी वस्तू असेल, एखादं माणूसही असेल, काम झालं म्हणून कोपऱ्यात राहिलेलं. त्याला सोबत न्यायला तुमच्या गाडीत जागा नसेल, मला ते समजतं. पण कधी तिकडून गेलात तर दार तेवढं उघडा. आत पाऊल टाकलं नाही तरी चालेल. दाराच्या फटीतून जेवढा उजेड येईल, तेवढाच मी तुमच्या चेहऱ्यावर परत टाकीन.